टोपीची परीक्षा

उस्मानपुऱ्यात मापनयंत्रं दुरुस्त करणाऱ्या अन्सारभाईंनी साठी ओलांडली होती, पण यंत्राचं माप केसभर चुकलं तरी त्यांना अजून चैन पडत नसे. एका दुपारी शेंद्र्याच्या कारखान्यातली श्रेया एक अँटेना आणि एक पेटी घेऊन त्यांच्याकडं आली. तिनं बनवलेला तो अँटेना महिनाभर चाचणीत नापास होत होता. आता ती तो आराखडाच सोडून देणार होती.

“यंत्राला खरं माप कशानं शिकवतेस?” अन्सारभाईंनी विचारलं.

श्रेयानं ओशाळून पेटी उघडली. आत कॅलिब्रेशनच्या, म्हणजे यंत्राचं माप जुळवायच्या, छोट्या टोप्या होत्या, सेकंडहँड घेतलेल्या. मोजण्याआधी त्या नेटवर्क अ‍ॅनालायझरला, म्हणजे अँटेना मोजणाऱ्या यंत्राला, जोडाव्या लागतात. टोपीच बिघडलेली असली तर यंत्र बिनदिक्कत खोटं सांगतं.

अन्सारभाईंनी एकेक टोपी भिंगाखाली धरली. एकीची मधली पिन आत दबली होती. तिच्याऐवजी स्वतःची तपासलेली टोपी लावून त्यांनी आपलं यंत्र नव्यानं जुळवलं आणि अँटेना पुन्हा मोजला. पडद्यावरची रेघ हवी तिथंच खाली उतरली. अँटेना पहिल्यापासून चांगलाच होता. श्रेयाचे डोळे भरून आले.

“जुनं घेतलं म्हणून लाजू नको, बेटा. माझंबी सगळं जुनंच हाय. फक्त आणल्यावर आधी त्याचीच परीक्षा घ्यायची.”

आपली टोपी तिच्या पेटीत ठेवून ते चहा सांगायला उठले.