निम्म्यावर थांबलेली मोजणी

डॉ. सुधाकर बाविस्कर यांना मी पहिल्यांदा पाहिले, तेव्हा ते सुरतेतल्या आमच्या खगोलशास्त्र विभागात खिडकीपाशी उभे राहून एक छापील आलेख उजेडाकडे धरून पाहत होते. मी संशोधनासाठी नुकतीच दाखल झाले होते. "माझे वडील उधन्याला लूमवर कापडाचा ताका असाच तपासायचे," सर म्हणाले. "मशीन म्हणतं माल बराबर आहे. तरी आपण बघायचं."

सरांचा विषय जोडतारे. एकमेकांभोवती फिरणारे दोन तारे आळीपाळीने एकमेकांना झाकतात, तेव्हा प्रकाश मंदावतो. लाखो ताऱ्यांच्या नोंदींतून संगणकाने असे तारे वेचायचे आणि मग सरांनी एकेक आलेख डोळ्यांनी पाहायचा, ही त्यांची रीत. आम्ही विद्यार्थी माघारी हसायचो.

ते हसणे अंगाशी आले. दोन्ही तारे सारखेच असले, तर एका फेरीत प्रकाश दोनदा सारखाच मंदावतो. संगणक फसतो, अर्ध्या फेरीलाच पूर्ण फेरी समजतो. माझ्या यादीतल्या शेकडो ताऱ्यांचा काळ असा निम्मा निघाला होता. मी आलेख पाहिलेच नव्हते. सरांना मात्र "पाहिले" म्हणून सांगितले होते. सरांनी चूक पकडली तोवर त्या यादीवरचा आमचा लेख छापून आला होता. त्यांनी स्वतः पत्र लिहून तो मागे घेतला, दोष स्वतःकडे घेतला. हाती येत असलेला मोठा प्रकल्प त्यापायी गेला. मला पदवी मिळाली. हे मी आजवर कुणालाही सांगितलेले नाही, आणि त्याची मला लाज वाटते.

यंदा सरांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत, त्यानिमित्त हे लिहिते आहे. त्यांची दृष्टी जवळजवळ गेली आहे. डॉक्टरांनी हात टेकले. काही महिन्यांपूर्वी भेस्तानला सरांच्या घरी गेले, तर सर खिडकीशी आलेख धरून बसले होते. आलेख उलटा होता. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, हळूच अहिराणीत म्हणाल्या, "त्यास्ले आते दिखत नही, पन त्या आयकतस कोठे!"

"बाकीचे तारे कोण बघणार?" सरांनी विचारले.

"मी बघते, सर."

"बघशील, की बघितले म्हणशील?"

इतक्या वर्षांत त्यांनी तो विषय कधीच काढला नव्हता. तेव्हापासून दर रविवारी मी त्यांच्या शेजारी बसते आणि एकेक आलेख पाहून त्यांना सांगते.

सरांची साठ वर्षे आपण सर्वांनी मोजली आहेत. माझ्या ताऱ्यांसारखी हीही मोजणी निम्मीच निघो, आणि उरलेला काळ सरांना निरोगी जावो. या वेळी मी स्वतः बघणार आहे.