सत्काराला भाऊ आला

परिचारिका दिनाला कल्याणच्या एका मंडळाने माझा आणि आणखी काही सिस्टरांचा सत्कार ठेवला. करोनात मी कित्येक दिवस हॉस्पिटलातच मुक्कामाला होते, त्याची त्यांना आत्ता आठवण झाली. कार्यकर्त्याने फोनवर विचारलं, "सिस्टर, घरचं कोण येणार? पुढच्या खुर्च्या राखून ठेवतो."

मी विठ्ठलवाडीला एकटी राहते. माझं म्हणावं असं एकच माणूस उरलंय, मोहन्याला राहणारा धाकटा भाऊ. मी त्या मुक्कामात असतानाच आमची आई वारली. मी पोचले नाही. तेव्हापासून त्याने माझ्या घराची पायरी चढलेली नाही. तरी त्याला कळवलं. "बघतो," म्हणाला. आमच्याकडे बघतो म्हणजे नाहीच.

कार्यक्रमात आमच्यासाठी पांढऱ्या टोप्या आणून ठेवलेल्या. असली टोपी मी ट्रेनिंगनंतर घातली नव्हती. "फोटोत सिस्टर वाटायला पाहिजे ना," म्हणे. मी ती हातातच धरून बसले. मग शाल, नारळ, टाळ्या. पाहुणे आम्हाला देवी म्हणाले. देवीला सुट्टी लागत नाही, त्यामुळे सगळ्यांनाच सोयीचं पडतं. पण माझं भाषणात लक्ष नव्हतं. मागच्या रांगेजवळ भाऊ हाताची घडी घालून उभा होता. इतका आनंद मला त्या शालीचा झाला नाही.

खाली उतरले तेव्हा तो जवळ आला. "आई असायला हवी होती गं ताई," एवढंच बोलला. मी त्याच्या दंडाला धरून उभी राहिले. जरा वेळाने तो म्हणाला, "चल, येतो मी."

यावर बहिणीने काय म्हणावं? ये रे, रविवारी जेवायलाच ये. पण बरा होऊन निघालेल्या पेशंटला आम्ही कधी 'या' म्हणत नाही. दवाखान्यात पुन्हा कशाला यायचं कुणी? इतक्या वर्षांत जिभेला तेच वळण पडलंय. माझ्या तोंडून निघालं, "नीट जा. गोळ्या वेळेवर घे." त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि गेला.

त्यानंतर तो आलेला नाही. सुट्टीच्या दिवशी घर खायला उठतं, तेव्हा मीच फोन लावते. घरी ये, एवढंच सांगायचं असतं. तो "बोल" म्हणतो आणि मी विचारते, "बीपी तपासलंस का?"

"हो," तो म्हणतो. मग दोघंही थोडा वेळ फोन तसाच धरून बसतो.