चिंचेने घासलेले रुपये

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी विचारलंत, "आजी, आपल्या देवघरातले इंग्रजांच्या काळातले रुपये कितीला जातील?" तुम्ही कुठेतरी पाहिलं होतं की असलं एक नाणं लाखो रुपयांना विकलं गेलं. तेवढ्यात तुमची पोहायला जायची वेळ झाली आणि उत्तर राहिलं. ते आता सविस्तर लिहिते, कारण या प्रश्नाचं उत्तर मला अलीकडेच मिळालं आहे, आणि ते माझ्याच चुकीमुळे मिळालं आहे.

आपल्याकडे वर्षाचे तांदूळ आणि वाल जिच्याकडून येतात, ती खालापूरकडची बाई तुम्हाला आठवत असेल. तुम्ही लहान असताना तिने तुम्हाला ओल्या भाताच्या लोंब्या दाखवल्या होत्या. तिची दोन्ही मुलं माझ्या हाताखाली इंग्रजी शिकली. गेल्या भाद्रपदात ती कर्जतला आपल्या घरी आली आणि पिशवीतून एक रुमाल काढून तिने माझ्यासमोर सोडला. आत अकरा बंदे रुपये होते. सात राणी छापाचे, चार राजा छापाचे. चांदीचे, प्रत्येकी एक तोळ्याचे, काळवंडलेले.

"बाई, मोबाइलमंदी दाखवत्यात, असल्या एकेका रुपयाला लाख लाख देत्यात. खरं हाय का?"

"त्या मोबाइलवाल्याने आधी काही पैसे मागितले का?"

"हो ना. नाव नोंदवायचे दोन हजार."

"मग खोटं आहे," मी म्हटलं. "विकत घेणारा कधी आधी पैसे मागतो का?"

तिचं तोंड एवढंसं झालं. मग तिने कारण सांगितलं. खालापूरला तहसील कचेरीसमोर एक गाळा रिकामा झाला होता. सातबाऱ्याच्या कामाला आलेली माणसं दिवसभर वडापाववर काढतात, त्यांना तांदळाची गरम भाकरी आणि वालाचं बिरडं कोणी देत नाही, हे तिने कितीतरी वर्षं पाहिलं होतं. पन्नाशी उलटली होती, मुलं कामाला लागली होती, आणि आता तिला स्वतःचं काहीतरी हवं होतं. गाळ्याचा मालक अनामत रकमेसाठी दसऱ्यापर्यंत थांबणार होता. पुढे नाही.

कर्जतला स्टेशनच्या पलीकडे रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. त्यांना जुन्या नाण्यांचा नाद आहे आणि माणूस सरळ आहे. "गुरुवारी ये, आपण दोघी त्यांच्याकडे जाऊ," मी तिला म्हटलं. "तोवर रुपये माझ्याकडे राहू देत."

आणि इथे माझी शिस्त आडवी आली. तुम्हाला माहीत आहे, आपल्याकडे लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी देवघरातले रुपये चिंच आणि मीठ लावून घासतात, मग रांगोळीच्या पुडीने चमकवतात. तुमच्या पणजीने मला शिकवलं, मी तुमच्या आईला शिकवलं. परक्या माणसासमोर कळकट वस्तू ठेवायची म्हणजे मला कसंतरीच होतं. बुधवारी दुपारी मी चिंच भिजवली आणि अकराच्या अकरा रुपये असे लखलखीत केले की राणीच्या गळ्यातल्या माळेचा मणी न् मणी दिसायला लागला. ते पंच्यावर वाळत घातले तेव्हा मला किती समाधान वाटलं, हे आता लिहायचीही लाज वाटते.

गुरुवारी त्या गृहस्थांनी रुमाल उघडला आणि भिंग न उचलताच विचारलं, "हे कोणी घासले?"

"मी," मी जरा अभिमानानेच म्हटलं.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाई, तुम्ही नाण्याचं कातडं सोललंत."

मग त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. चांदीवर वर्षानुवर्षं जो काळसर थर चढतो, तो मळ नव्हे. संग्राहक त्याचेच पैसे देतो, कारण नाण्याशी कोणी छेडछाड केलेली नाही याची ती खूण. घासलेल्या नाण्यावर बारीक ओरखडे उठतात, ते पुन्हा जात नाहीत. शिवाय जुनं म्हणजे महाग असंही नसतं. काही सालांचे रुपये इतके पाडले गेले की आजही घरोघरी सापडतात. तिच्या अकरांपैकी दोन मात्र बऱ्या सालांचे होते. "परवा आणले असतेत तर या दोनांसाठी मीच भांडलो असतो," ते म्हणाले. "आता अकराही चांदीच्या भावाचे."

चांदीच्या भावाने अनामत जेमतेम अर्धी भरत होती.

मी तिच्याकडे पाहू शकत नव्हते. उरलेली रक्कम मी भरते, असं म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात तीच हसायला लागली.

"अवो साहेब, या बाईंनी आमच्या पोरांनापन साळंत असंच घासलंय. पोरं काय बिघडली नायत, रुपये बिघडले!"

ते गृहस्थही हसले. मला काही हसू आलं नाही. जिन्यावरून उतरताना मी पैशांचं बोलले, तर ती म्हणाली, "नको. तुमचे पैसं घेतले तर गाळा तुमचा झाला. माजा कुठं ऱ्हायला?"

रिक्षाची वाट पाहत उभ्या असताना तिने रुमालाची गाठ पुन्हा घट्ट केली. मग म्हणाली, "अजून एक हाय, बाई. बारावा."

तिच्या सासूने एक रुपया हळकुंडाबरोबर फडक्यात बांधून ठेवला होता. नवीन भात आला की कणगी भरण्याआधी ती पुरचुंडी तळाशी ठेवायची आणि वर भात ओतायचा. धान्य पुरतं, अशी समजूत. सासू गेल्यावरही तिने ती गाठ कधी सोडली नव्हती. म्हणूनच तो रुपया तिने मला दिला नव्हता, आणि म्हणूनच तो माझ्या चिंचेतून वाचला होता.

"पण तो कसा काढणार तू?" मी विचारलं.

"तेच बगते हाय मनाशी. कणगी तर आता झाडून रिकामी झाली. नवीन भात यायला महिना हाय. रिकाम्या कणगीची राखण कशाला करायची त्यानं? तवर माजं काम करू दे. सासूबाई काय म्हनतील? त्यांनीपन बाजारात बसून भाकऱ्याच विकल्या असत्या, कुनी बसू दिलं असतं तर."

चार दिवसांनी आम्ही पुन्हा त्या जिन्याने वर गेलो. या वेळी पुरचुंडी तिच्याच हातात होती, मी स्पर्शही केला नाही. गाठ सुटली, हळकुंडाचा भुगा आणि दोन भाताचे दाणे टेबलावर पडले. रुपया राजा छापाचा होता, जवळजवळ काळा, कडेला निळसर झाक. त्या गृहस्थांनी भिंग लावलं, साल वाचलं, मग भिंग राजाच्या छातीवर नेलं आणि तिथेच थांबले.

"या, बघा. राजाच्या झग्यावर हत्ती आहे. सोंड इतकी आखूड की लोकांना ते डुक्कर वाटलं. ओरडा झाला, सरकारने पाडलेले रुपये परत घेऊन वितळवले. थोडे लोकांकडे राहून गेले, त्यांतला हा."

"डुक्कर?" ती भिंगातून पाहत म्हणाली. "अगं बाई! इतकी वर्सं आमी डुकराला कणगीत ठेवून हळद-कुंकू वाहिलं?"

"हत्तीच आहे तो," ते म्हणाले. "म्हणजे गणपतीच समजा."

"मग आधी सांगायचं ना!"

हा रुपया त्यांना स्वतःला हवा होता, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तरी ते म्हणाले, "आज मला विकू नका. मी आणखी दोघांना फोटो पाठवतो, काय भाव येतो ते पाहा, मग ठरवा." दोन भाव आले. त्यांनी चांगल्या भावावर थोडे चढवून तो रुपया स्वतःच घेतला. मोबाइलमधले लाख नव्हते ते, पण अकरातले दहा रुपये चांदीच्या भावाने मोडल्यावर दोन्ही मिळून अनामत पुरी झाली. दसऱ्याला चार दिवस बाकी होते.

घासलेला एक रुपया तिने ठेवून घेतला. नवीन भात घरात आला तेव्हा मी मुद्दाम गेले होते. तिने नवं हळकुंड घेतलं, तो चकचकीत रुपया त्याच जुन्या फडक्यात बांधला आणि कणगीच्या तळाशी ठेवला. "धान्याला कुठं साल वाचता येतंय," एवढंच म्हणाली.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर. आपल्या देवघरातले पाच रुपये मी चाळीसहून अधिक दिवाळ्या घासले आहेत. त्यांची किंमत पाच तोळे चांदीएवढी, एक पैसाही जास्त नाही. ते मी घासतच राहणार, कारण ते पूजेचे आहेत. मात्र तुमच्या आजोबांच्या टेबलाच्या खणात डबीत काही तांब्याचे पैसे आहेत, त्यांना मी हात लावलेला नाही आणि तुम्हीही लावू नका. येत्या सुट्टीत आलात की आपण तिघं ती डबी घेऊन त्या गृहस्थांचा जिना चढू.

आणि त्याच दिवशी खालापूरला जेवायला जाऊ. गाळ्यावरची पाटी माझ्या अक्षरात आहे, मराठीत आणि इंग्रजीत. भरपाई म्हणून तिने माझ्याकडून एवढीच घेतली. परवा गेले तेव्हा बाकावर जागा नव्हती. सातबाऱ्याची माणसं बिरडं ओरपत बसली होती. सवयीने मी कोपऱ्यातला पाण्याचा पेला उचलला आणि पदराने पुसायला लागले.

तव्यावरची भाकरी उलटता उलटता ती ओरडली, "पुसा, बाई, पुसा! भांड्यांना तुमाला मुभा हाय. गल्ल्याला तेवढा हात लावू नका!"