मी विसरले ती वर्षं

आमच्या मालवणच्या किनाऱ्यावर ख्रिस्ती घरं मोजकीच. आमच्या वाडीत नारळाच्या बागेच्या कडेला एक चुन्याचा खुरीस, म्हणजे क्रूस, आहे. लग्नानंतर तीन वर्षांनी मी त्याच्यापुढे आंगवण केली. आंगवण म्हणजे नवस. आमच्यात हाच शब्द चालतो.

नवरा तेव्हा मशीनच्या होडीवर मासेमारीला जायचा. एका वादळात होडी परतली नाही. दोन दिवस काहीच पत्ता लागेना. दीड वर्षाच्या मुलीला कडेवर घेऊन मी खुरसाशी गेले आणि म्हणाले, "ह्यांका परत आण. दर वर्साक तुझी लादीन घालीन." लादीन म्हणजे सगळ्या वाडीने खुरसापुढे जमून गायची प्रार्थना, आणि नंतर उकडलेले चणे.

तिसऱ्या दिवशी दुसऱ्या बंदरातली एक मोठी होडी त्यांना आणि त्यांच्या दोघा सोबत्यांना घेऊन आली. ओठ फुटलेले, डोळे लाल, पण तिघेही जिवंत.

चार वर्षं मी नेमाने लादीन घातली. पाचव्या वर्षी सासू आजारी होती. सहाव्या वर्षी मला अंगणवाडीत नोकरी लागली. त्यानंतर कारणाचीही गरज उरली नाही. मी विसरले. जाता-येता खुरीस दिसायचा, मी सवयीने कपाळाला हात लावायचे आणि भाजीचा विचार करत पुढे जायचे. अशी चौदा वर्षं गेली.

दोन वर्षांपूर्वी जाळं साफ करता करता नवरा कोसळला. कणकवलीला नेलं. जीव वाचला, पण उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, शब्द डोक्यात आहेत, तोंडापर्यंत पोचत नाहीत. एक 'हां' आणि एक शिवी, एवढंच शाबूत राहिलं होतं.

आम्ही घरी आलो त्या संध्याकाळी वाडीतल्या बायका तेर्स, म्हणजे माळेवरची प्रार्थना, म्हणायला जमल्या. माझी मोठी जाऊ आमच्याकडच्या सगळ्या प्रार्थना सांगते. तिने माळ आवरली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "आंगवण केलंस आणि विसारलंस गो. आता देवान तुका आठवण करून दिल्यान."

मी सगळ्यांना चहा दिला. आठवडाभर तिचं म्हणणं मला खरंच वाटत होतं. त्यांना भरवताना, कूस बदलताना मनात एकच: हे माझ्यामुळे.

मग एका सकाळी मी त्यांची दाढी करत होते. मानेवरचा फेस पुसला, तर खालची कातडी उन्हाने रापून काळी पडलेली. किती वर्षांचं ऊन ते! माझ्या हातातला वस्तरा थांबला. मी विसरले होते त्या चौदा वर्षांत हा माणूस रोज समुद्रावर गेला होता आणि रोज परत आला होता. एकदा मशीन बंद पडून दिवसभर वाहत गेला, आला. एकदा लाटेने होडीबाहेर फेकला, पोहत आला. तेव्हा मी कुठे काय मागितलं होतं?

मला राग आला. देवाचा नव्हे, देवाबद्दल असं बोललं गेलं याचा. साबणाचे हात तसेच घेऊन मी जावेच्या दारात गेले.

"वयनी, मी विसारलंय तां खरां. पण त्या वर्सांनी हे किती येळा दर्यात गेले?"

"माका काय म्हायत?"

"जितक्या येळा गेले, तितक्या येळा परत इले. मी मागूक गेलंय नाय. मगे कोणी आणल्यान तेंका?"

ती म्हणाली, "तर मगे ह्यां दुखणां कित्या दिल्यान?"

"तां माका म्हायत नाय. तुमकाय म्हायत नाय. पण देव माझ्यासारखो विसरभोळो नाय, आणि डूख धरणारोय नाय."

"तुझ्या तोंडाक लगाम नाय," ती म्हणाली आणि आत गेली.

मे महिन्यात मी लादीन घातली. घरोघर जाऊन सांगितलं, की ही चुकलेल्या आंगवणीची भरपाई नव्हे. चौदा वर्षं देवाने सांभाळलं, त्याचे आभार मानायचेत. पटत असेल तर या. जाऊसुद्धा आली, सूर धरणारी दुसरी होतीच कोण?

चार वाजले होते. नवऱ्याला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं होतं. जावेने सुरुवात केली. तिच्या प्रत्येक ओळीमागे सगळ्यांनी मिळून लॅटिन जबाब द्यायचा असतो. तिसऱ्या ओळीला जबाबात एक घोगरा आवाज मिसळला. 'पाणी' म्हणता न येणारा माझा नवरा अख्खा जबाब गात होता, एकही अक्षर न अडखळता. मुलीने माझं मनगट घट्ट धरलं. जाऊ गायची थांबली, तेव्हा त्यांनी डोळे वटारून डाव्या हाताने खूण केली: चालू दे!

चणे वाटताना जो तो म्हणत होता, "पावलो! आंगवण पोचली!" जाऊ तर रडत होती. "देवान माफ केल्यान गो तुका."

हो म्हणणं सोपं होतं. सगळे खूश झाले असते. पण मी म्हणाले, "नाय वयनी. हात अजून लुळोच आसा. उद्या ह्यांचो गळो परत बंद झालो, तरी माझां म्हणणां तांच."

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, गाण्याची जागा मेंदूत वेगळी असते, असं पुष्कळदा होतं. त्यांनी दाखवल्याप्रमाणे मुलीने बापाला एकेक शब्द सुरात शिकवला. आता ते पाणी मागतात, चहा मागतात, अर्धं गात, अर्धं बोलत. जाऊ दर रविवारी चर्चमधल्या मिस्सेनंतर येते, त्यांच्याबरोबर गाते, आणि मग चहा पिता पिता आमचा तोच वाद पुन्हा सुरू होतो. तिला अजून पटलेलं नाही.

यंदा मी लादीन विसरेनही. अंगणवाडीची कामं आहेत, व्यायामासाठी ह्यांना कणकवलीला न्यायचं आहे, आणि माझं डोकं आधीच भोकाचं. पण माझ्या विसरण्यावरून कुणी देवाची नियत मोजायला बसलं, तर मी पुन्हा साबणाच्या हातांनी त्याच्या दारात जाईन.