वात की रात

औषधाच्या डबीत घडी घालून ठेवलेला कागद कोणी वाचत नाही. खसखशीएवढी अक्षरं, आणि एकदा उघडला की जन्मात पुन्हा तशी घडी होत नाही. पण तो कागद छापून बाहेर पडायच्या आधी एक बाई तीनदा वाचायची. छापखान्यात तिला सगळे भिंगबाई म्हणत. सुरुवातीला पाठीमागे म्हणायचे, मग तोंडावर म्हणू लागले, आणि एकतीस वर्षांत तिलाही ते अंगवळणी पडलं होतं.

दशांशाचा एक ठिपका इकडचा तिकडे झाला तर माणूस जिवाला मुकेल, हे तिला कामाच्या पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तेव्हापासून तिचा कशावरच चटकन विश्वास बसत नसे. दुधाच्या पिशवीवरची तारीख, बसची पाटी, दुकानदाराने दिलेली गॅरंटी, सगळं ती डोळ्यांत तेल घालून बघायची. "ही आरशात बघायच्या आधी आरसा तपासून घेते," असं तिचा नवरा म्हणे. तो पाणीखात्यात मीटर वाचायचं काम करून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला होता.

गाणी मात्र ती न तपासता ऐकायची. त्यातलं शास्त्र तिला कळत नसे आणि कळून घ्यायची हौसही नव्हती. भाजी चिरताना कॅसेट लावायची, आवडलं ते गाणं मागे नेऊन पुन्हा ऐकायचं, नाही आवडलं तर पुढे पळवायचं, एवढीच तिची रसिकता. चाळीसेक कॅसेट होत्या. दहा-बारा सीडीही होत्या, त्या बहुतेक कोणी ना कोणी भेट दिलेल्या, दोनतीन तर अजून वेष्टनातच. दोन वर्षांपूर्वी कॅसेट प्लेअरचा पट्टा तुटला, तसा तो कपाटावर जाऊन बसला. मग दुसऱ्या गावी नोकरी करणाऱ्या लेकीने स्वतःच्या खात्यात आईलाही घेतलं आणि फोनवर गाण्यांचं ॲप टाकून दिलं. छापखान्यात वाचनाच्या खोलीत गाण्याला बंदी होती. म्हणून भिंगबाई बसमध्ये ऐकायची, आणि दुपारी डबा खाताना, एकाच कानात इअरफोनचं बोंडूक घालून. दुसरा कान जगासाठी मोकळा हवा, असं तिचं म्हणणं.

एका मंगळवारी बसमध्ये तिने लावलेलं गाणं संपलं आणि ॲपने आपल्या मनाने पुढचं सुरू केलं. सुरावट ऐकताच ती सरसावून बसली. लग्नानंतरच्या पहिल्या भाड्याच्या खोलीत हे गाणं तिने कॅसेट झिजेपर्यंत ऐकलं होतं. दुसरं कडवं आलं. गायिका म्हणाली, "तुझी वाट बघता बघता रात सरली."

भिंगबाईच्या मनात पाल चुकचुकली. रात? ते 'वात' होतं. दिव्याची वात. रात काय, कोणाचीही सरते. वात सरली म्हणजे ती बाई दिवा लावून बसली होती, हे सगळं त्या एका अक्षरात होतं, आणि त्या अक्षरासाठीच तर हे गाणं तिला आवडायचं. तिने मागे नेऊन ऐकलं. रात. आणखी तीनदा ऐकलं. तिचा थांबा मागे गेला.

"हे ॲपवाले गाणी बदलतात," घरी आल्या आल्या ती म्हणाली.

नवरा शर्टाचं बटण लावत होता. "ते कशाला बदलतील? उद्योग नाहीत का त्यांना?"

"तुम्हाला आठवतंय ना ते? वात सरली."

"रातच असेल की. सगळ्या गाण्यांत रातच सरते." एवढं बोलून तो तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. ते तिच्या नजरेतून सुटलं नाही.

तिने धाकट्या बहिणीला फोन लावला.

"अगं ताई, माझ्याकडे सीडी आहे ना त्याची! रातच आहे. आतल्या पुस्तिकेत छापलंयसुद्धा."

"छापलं म्हणजे बरोबर असतं का? मला सांगतेस?"

मग बहिणीने हलक्या आवाजात विचारलं, "बरी आहेस ना तू?"

भिंगबाईने फोनच ठेवून दिला. कारण तो प्रश्न कुठून आला ते दोघींना ठाऊक होतं. त्यांची आई साठीच्या आधीच हरवायला लागली होती. सुरुवातीला शब्द. चमच्याला कात्री म्हणायची आणि वर हट्टाने भांडायची, की हे पहिल्यापासून कात्रीच आहे, तुम्हीच सगळ्यांनी मिळून बदललंत. शेवटी एकदा तिने दार उघडून भिंगबाईलाच विचारलं होतं, "कोणाकडे आलात आपण?"

'तुम्हीच बदललंत.' भिंगबाईच्या डोक्यात ते वाक्य घुमत राहिलं. मग ॲपवरचा तिचा संशय हळूहळू पाय ओढत तिच्या स्वतःकडेच आला.

एक गोष्ट निकाल लावू शकत होती, ती म्हणजे कॅसेट. फडताळात तिसऱ्या ओळीत होती. नवरा म्हणालाही, "तो प्लेअर दुरुस्त करून आणू का? एकदाचं दूध का दूध, पाणी का पाणी होऊन जाईल."

"राहू द्या. कुठे ते ओझं नेता," ती म्हणाली. ठिपकाही न तपासता पुढे न जाणारी बाई, आणि आता पुरावा हाताच्या अंतरावर असून ती फडताळाकडे पाठ करून बसू लागली. कॅसेटमध्येही 'रात' निघाली तर?

याच सुमारास घरात कुठेतरी पाणी मुरतंय असं तिला वाटायला लागलं. ती स्वयंपाकघरातून बाहेर आली की नवरा आत जाऊन गॅसचं बटण बघून यायचा. लेकीशी बोलताना गॅलरीत जायचा आणि भिंगबाई तिथे गेली की हवापाण्यावर घसरायचा. लेकीचे फोनही वाढले. पूर्वी आठवड्याला एक यायचा, आता एक दिवसाआड.

"आई, परवा काय जेवलात गं?"

"का? तुला काय करायचंय?"

"अगं सहज."

सहज! भिंगबाई त्यानंतर रोजचं जेवण लक्षात ठेवू लागली. कोणी विचारलं तर धडाधड सांगता यावं म्हणून.

एका रविवारी बॅटरीचे सेल शोधताना तिने नवऱ्याचा खण उघडला. तळाशी मीटर वाचायच्या काळातली वही होती, रकाने आखलेली: तारीख, वेळ, नोंद. तिने उगाच उघडली. अक्षर नवऱ्याचं, चौकोनी, पण नोंदी ताज्या होत्या. 'सकाळी ८.१०. गॅस चालू.' 'सायं. ६. चावी दाराला बाहेरून.' 'दुपारी १. भाजीत मीठ दोनदा.' चार महिन्यांपासूनचं होतं. मधली पानं न बघता ती थेट शेवटच्या नोंदीवर गेली. 'गाण्याचे शब्द चुकीचे आठवते. ठाम.'

त्या 'ठाम'ने ती जळली. गाण्याच्याही आधीपासून, तिच्याच घरात, तिच्याच ताटासमोर बसून हा माणूस तिचं रीडिंग घेत होता. तिने वही होती तशी ठेवली, खण लावला, आणि दिवसभर एक शब्द बोलली नाही. नवऱ्याने विचारलं, "काय झालं?" तिने मनात म्हटलं, लिहा, हेही लिहा.

दुसऱ्या दिवशी तिने अर्धी रजा टाकली. नवरा बाहेर गेलेला बघून स्टुलावर चढून प्लेअर उतरवला, टॉवेलात गुंडाळला, कॅसेट पर्समध्ये टाकली आणि रेडिओवाल्याकडे गेली. बोळाच्या तोंडाशी त्याचं अरुंद दुकान. म्हातारा माणूस, पोट उघडं टाकलेल्या यंत्रांमध्ये बसलेला. त्याने वीस मिनिटांत नवा पट्टा बसवला, कॅसेट एकदा पुढे, एकदा मागे फिरवून मोकळी केली.

"लावू?"

"थांबा." तिने पर्समधून कोरा कागद काढला. "मी बाहेर उभी राहते. पहिल्या गाण्याचं दुसरं कडवं ऐका. शेवटची ओळ जशी ऐकू येईल तशी लिहा. मला काही विचारू नका."

"परीक्षा आहे का, बाई?"

"आहे. पण तुमची नाही."

ती रस्त्यावर जाऊन उभी राहिली. मुद्दाम समोरच्या गॅरेजच्या ठोकाठोकीकडे कान लावला. तरी सुरावट येतच होती. मग तीही थांबली. म्हाताऱ्याने खिडकीतून हात हलवला.

कागदावरचं अक्षर कोंबडीच्या पायांसारखं होतं. तिने एकदा वाचलं, दोनदा वाचलं.

"हा 'व' आहे की 'र'?"

"'व' आहे हो! पोट दिसत नाही का त्याला?" म्हातारा चिडला. "मला वाटलं होतं रात असेल. पण ती चक्क वात म्हणते. तीनदा ऐकलं. मग वात लिहिलं."

भिंगबाई तिथल्याच उलट्या खोक्यावर बसली. म्हाताऱ्याने न विचारता पाणी दिलं.

तिथून ती प्लेअर काखोटीला मारून तडक बहिणीकडे गेली. "ती सीडी दाखव." बहीण गोंधळली, पण घेऊन आली. भिंगबाईने पर्समधून भिंग काढलं आणि पुस्तिका शेवटच्या पानापासून वाचायला घेतली. कंपनीच्या पत्त्याखाली, घडीवर, एक ओळ होती: या संचातील गाणी गायिकेने नव्याने ध्वनिमुद्रित केली आहेत. म्हणजे गायिकेने वीसेक वर्षांनी तेच गाणं पुन्हा गायलं होतं, आणि मधल्या काळात कोणाच्या तरी हातून वातीची रात झाली होती. ॲपवरही हेच नवं गाणं होतं.

"इतकं बारीक वाचतं कोण?" बहीण म्हणाली.

"मी," भिंगबाई म्हणाली. आणि मग तिला रडू आलं. बहिणीने तिचा हात धरून ठेवला.

नवरा घरी वाटच बघत होता. "छापखान्यात फोन केला, तर म्हणे दुपारीच गेल्या. कुठे होतीस?"

तिने प्लेअर टेबलावर ठेवला, वायर लावली, गाणं सुरू केलं. दुसरं कडवं झाल्यावर बंद केलं.

"काय म्हणाली ती?"

नवऱ्याने मान खाली घातली. "वात."

"आता वही आणा."

कुठली वही, असं न विचारता तो उठला, वही आणली. तिच्यासमोर बसून गाण्याच्या नोंदीवर आडवी रेघ मारली.

"बाकीच्या वाचा. मोठ्याने."

तो वाचत गेला. गॅस. "त्या दिवशी चहा तुम्ही केला होता," ती म्हणाली. त्याने आठवून पाहिलं आणि रेघ मारली. चावी. "ती माझीच चूक. पण जन्मात एकदा तुम्हीही विसरलात." मीठ. "तुम्ही न विचारता आधीच टाकलं होतंत." पुन्हा रेघ. तिचा आवाज चढत होता, त्याचा उतरत होता. मग मधल्या पानावर येऊन तो थांबला.

"वाचा की."

"राहू दे गं."

"वाचा."

"समोरचे वकील जाऊन पंधरा दिवस झाले. आज विचारलं, वकील हल्ली जिन्यात दिसत नाहीत."

समोरच्या दारातले वकील गेले ते तिला चांगलं आठवत होतं. अंत्ययात्रेला ती गेली होती, त्यांच्या बायकोजवळ रात्रभर बसली होती. पण हे विचारलेलं? तिने आत खोलवर जाऊन शोधलं. तिथे काहीच नव्हतं.

"हे मी म्हटलं नाही."

त्याने वही तिच्याकडे सरकवली.

"तुम्ही रचलंत हे."

"कशाला रचीन?" तो म्हणाला. "त्या दिवसापासून तर वही सुरू केली. आधीच्या नोंदी आठवून आठवून लिहिल्या. तुला विचारायची हिंमत नव्हती. तुझ्या आईचं मी बघितलंय."

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. चुकीचा ठिपका पकडणारी तिची नजर त्या चेहऱ्यावर लबाडी शोधत होती. सापडली नाही. ती सापडली असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

"उद्या डॉक्टरांकडे जाऊ," ती म्हणाली. "पण लेकीला मी सांगणार. तुम्ही गॅलरीत जाऊन नाही."

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात-सात वजा करायला लावले, पाच शब्द सांगून थोड्या वेळाने विचारले. भिंगबाईला चार आठवले.

"वयाच्या मानाने ठीक आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आज तरी नाव द्यावं असं काही नाही. सहा महिन्यांनी परत या."

"आज तरी म्हणजे?"

"म्हणजे आज. त्यापुढचं मला सांगता येत नाही, आणि जे सांगता येत नाही ते मी सांगणार नाही."

हे बोलणं भिंगबाईला आवडलं. बाई आवडून गेली, पण तपासणीच्या कागदावर छापलेलं वय तिने तरीही जिन्यात उभं राहून ताडून पाहिलं.

त्यानंतर दर रविवारी सकाळी ती आणि नवरा टेबलाशी बसू लागले. एक जुनी कॅसेट घ्यायची. ती ऐकायच्या आधी तिने आठवतील तसे शब्द कागदावर लिहायचे, मग कॅसेट लावायची, मग ॲपवर तेच गाणं. छापखान्यात एकजण मूळ प्रत धरतो आणि दुसरा वाचतो, तसं. नवरा कागद धरायचा. कधी पहिल्याच गाण्यानंतर तिला कंटाळा यायचा आणि ती म्हणायची, "आज नुसतंच ऐकू या." मग कागद तसाच पडून राहायचा.

पहिल्या दोन महिन्यांत तीन ठिकाणी ॲपवरचं गाणं वेगळं निघालं आणि दोन ठिकाणी तिचीच आठवण. ॲपच्या तिन्ही चुका तिने लेकीला त्याच दिवशी फोन करून सांगितल्या. आपल्या दोन सांगायला तिला पुढचा बुधवार उजाडला.