किल्लीवालीची पेटी

मंडळी, इथे लिहिणारे बरेच जण "आधी माझा विश्वास नव्हता" असं म्हणून सुरुवात करतात. माझा तर आजही नाहीये! पंचवीस वर्षं मी भिवंडीत लूमचा जॉबर होतो. म्हणजे बंद पडलेला माग दुरुस्त करून परत चालू करणारा माणूस. खडखड आली की कुठेतरी बोल्ट ढिला आहे, एवढंच आमचं तत्त्वज्ञान. कुणी भूतखेत, करणी असलं काही सुरू केलं की मी सरळ उठून जायचो. पण एका किल्लीनं माझी अशी काही जिरवली आहे की... सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मला जुन्या लाकडी पेट्यांचं वेड. वेड म्हणजे वेडच! धामणकर नाक्याजवळच्या आमच्या दोन खोल्यांत माणसं तीन आणि पेट्या अकरा. सागवानी, शिसवी, पितळी पट्ट्यांच्या, चोरकप्प्यांच्या. बायको, सुनंदा, म्हणायची, "एक दिवस मीच त्यातल्या एखादीत जाऊन बसते, म्हणजे तरी बघाल माझ्याकडे." पण मला खरी झिंग चढायची ती कुलपांची. बंद पेटी, किल्ली हरवलेली, आणि न फोडता ती उघडायची... अहाहा! ही विद्या मला तीनबत्तीला किल्ल्या बनवणाऱ्या गफूरचाचांनी दिली. अट एकच. "तोड के तो चोर भी खोलता है. बिना तोडे खोल, तब मानूँगा."

गोष्ट २००६ च्या आसपासची. अंजूर, दापोडे, मानकोली, जिकडे बघावं तिकडे शेतात गोडाऊन उभी राहत होती. जुनी घरं पाडली जात होती आणि माळ्यावरच्या पेट्या खाली येत होत्या. शुक्रवारी लूम बंद, मला सुट्टी. दर शुक्रवारी मी रिक्षा पकडून कुठल्या तरी गावात हजर!

अशाच एका शुक्रवारी अंजूरला एक घर उतरवत होते. अंगणात सामान पडलेलं, आणि मधोमध एक पेटी. शिसवाची, साडेतीन फूट लांब, पुढच्या बाजूला पितळी कमळ, त्याच्या पोटात किल्लीचं भोक. माझ्या तर तोंडाला पाणी सुटलं! पण पेटीवर एक बाई बसली होती. पन्नाशीच्या पुढची, पदर कमरेला खोचलेला.

"ताई, विकणार का?" मी विचारलं.

"इकायची न्हाय. ही माझ्या आयशीची हाय."

"किल्ली आहे?"

 ती म्हणाली, "त्याचंच तं सारं रडगानं हाय, दादा."

तिचं नाव हिराताई. ती जेमतेम दहा महिन्यांची असताना तिची आई सकाळी खाडीवर चिंबोऱ्या धरायला म्हणून गेली, ती परत आलीच नाही. दोन दिवस शोधाशोध झाली. मग घरात कुणाच्या तरी लक्षात आलं, की पेटीला कुलूप आहे आणि किल्ली कुठेच नाही. झालं! खाडीवर जाणारी बाई पेटीला कुलूप लावून किल्ली कशाला नेईल? म्हणजे ही पळून गेली, पोरीला टाकून गेली. हिराताईला काकूनं वाढवलं, आणि जरा कुठे भांडण झालं की सगळं घर एकच म्हणायचं... "किल्लीवालीची पोर." लग्नाच्या मांडवातसुद्धा तिनं ते ऐकलं होतं.

"बापूस पेटी फोडू देत नव्हता," ती म्हणाली. "बोलाचा, तिची हाय, ती येईल नि उघडील. बापूस बी गेला. आता घर जातंय. चुलतभाऊ बोलतो, कुऱ्हाड घालू. मी बोलली, आधी मना मारा." तिनं पेटीवर हात ठेवला. "तू फोडल्याबिगर उघडशील? पेटी तूच घे. मना फक्त बघाचं हाय, तिनं काय नेलं नि काय ठेवलं. मना टाकून गेली का न्हाय, तेवढं कळूं दे."

मी छाती पुढे काढून म्हटलं, "दोन शुक्रवार द्या!" नाही म्हणणार होतो की काय? असली पेटी!

टेम्पोतून ती घरी आणली. सुनंदानं कपाळाला हात लावला. "बारावी!"

आता जरा कुलपाचं सांगतो, कारण पुढची सगळी मेख त्यातच आहे. पेटीची कुलपं दोन तऱ्हेची. एक खटक्याचं. झाकण आदळलं की आपोआप लागतं, त्यामुळे किल्ली आत राहून पेटी बंद होऊ शकते. दुसरं फेऱ्याचं. झाकण लावून, बाहेरून किल्ली घालून, फिरवून बंद करावं लागतं. ही पेटी फेऱ्याच्या कुलपाची. भोकातून टॉर्च मारून मी पहिल्याच दिवशी खात्री केली. चाचांनीही येऊन डोळा लावला आणि म्हणाले, "दो फेरे का है. बाहर से ही लगेगा."

अशा कुलपाची नवी किल्ली काजळीवर काढतात. कोरी किल्ली रॉकेलच्या चिमणीवर धरायची, तिच्या पात्यावर काळीभोर काजळी बसते. मग ती अलगद आत घालून जरा फिरवायची. कुलपाच्या आत पत्र्याच्या कडा असतात, चुकीच्या किल्लीला अडवणाऱ्या. त्या जिथे घासतात तिथली काजळी पुसून धातू चकाकतो. जिथे चकाकलं तिथे कानशीनं कापायचं. काजळी, घासणी, कापणी, असं करत करत किल्ली तयार होते.

पण हे कुलूप जाम हट्टी! रॉकेल सोडलं, तेल सोडलं, आत जन्माची माती. दोन शुक्रवार गेले, खुणा नुसत्या फरफटलेल्या. हिराताई दोन्ही वेळा अंजूरहून आली, भिंतीला टेकून बसली आणि संध्याकाळी परत गेली. दुसऱ्या वेळी जाताना म्हणाली, "ऱ्हाऊ दे दादा. तिला दाखवाचंच नसंल." मला इतकं लागलं म्हणून सांगू! त्या रात्री जेवण गोड लागलं नाही.

तिसरा शुक्रवार. दुपारचे तीन वाजले असतील. सगळे लूम बंद, त्यामुळे गल्लीत ती दुर्मिळ शांतता. मी नवी कोरी किल्ली घेतली, चिमणीवर छान काजळी धरली आणि पेटीजवळ वर्तमानपत्रावर आडवी ठेवली. तेवढ्यात सुनंदानं चहाला हाक मारली. आत गेलो. सुनंदा, हिराताई आणि मी, तिघंही स्वयंपाकघरात. मुलगा कॉलेजला. बाहेरच्या दाराला आतून कडी. चहा प्यायला किती, पाच मिनिटं?

परत आलो तर किल्लीवर खुणा!

अहो, मी ती कुलपात घातलीसुद्धा नव्हती! आणि खुणा तरी कशा? उलट्या. नेहमी बहुतेक पातं काळं राहतं, चकाकतात फक्त घासलेल्या रेषा. इथे अख्खं पातं चकाकत होतं आणि तीनच बारीक पट्टे काळे राहिले होते. कडा अशा सरळ, जणू कुणीतरी तयार किल्ली आणून माझ्या किल्लीवर ठेवली आणि अंगठ्यानं दाबली. खालच्या कागदावर एक डागसुद्धा नाही.

खरं सांगतो, तेव्हा भीतीबिती काही वाटली नाही. वाटलं, माझीच बाही लागली असणार. पण ती किल्लीच होती हो! दात कुठे, खाचा कुठे, सगळं समोर मांडलेलं! मी काळे राहिलेले तीन पट्टे कापायला घेतले. वीस मिनिटं कानस चालली. घाम डोळ्यांत उतरत होता, पुसायला उसंत नव्हती.

"हिराताई! या इकडे! लवकर!"

किल्ली आत गेली. फिरवली. खट्. आणखी एक फेरा. खट्! मी लहान पोरासारखा ओरडलो, "उघडली! उघडली!" सुनंदा हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आली. झाकण मात्र मी हिराताईलाच उचलायला लावलं. तो मान तिचा.

आत वर एक हिरवं लुगडं, घडी न मोडलेलं. चांदीचे तोडे. चपला, कागदात गुंडाळलेल्या. आणि त्यावर एक एवढंसं झबलं, लाल छिटाचं. एक बाही शिवलेली, दुसरी अर्धी. सुई त्यातच टोचलेली, गंजून कापडाला चिकटलेली.

हिराताईनं ते झबलं हातात घेतलं. कितीतरी वेळ नुसती सुईला बोट लावत राहिली. मग म्हणाली, "पलून जानारी लुगडं टाकून जाईल? तोडे टाकून जाईल? सुई टोचून ठेवली हाय दादा... सांजच्याला येऊन शिवनार व्हती ती." आणि ती जी रडली! सुनंदा तिला धरून बसली आणि तीही रडायला लागली. मी आपला कानस हातात घेऊन उभा.

रडं ओसरल्यावर तिनंच पेटीच्या डाव्या बाजूचा छोटा कप्पा उघडला. आत दोऱ्यात ओवलेली एक किल्ली होती.

 तिनं दोऱ्याला धरून ती वर उचलली, आणि मी माझी किल्ली तिच्याशेजारी धरली. तीन खाचा, जिथल्या तिथे! बाहेरूनच लागणारं कुलूप, आणि त्याची किल्ली आत.

"दुसरी चाबी होगी," चाचा नंतर म्हणाले. "एक अंदर रह गयी, दुसरी से किसी ने बंद किया." वर माझ्यावरच संशय! "तूने तो नहीं रखी ना बदमाश?" असेल, दुसरी किल्ली असेल. मग ती घरातल्याच कुणाकडे तरी होती, आणि ते माणूस सगळी वर्षं तोंड मिटून बसलं. हे मी समजू शकतो. माणसं अशी असतात.

पण काजळीचं काय? आतल्या त्या किल्लीच्या पात्यावर काजळी होती! एकाच बाजूला. जुनी, वाळकी नव्हे, ताजी, ओलसर, रॉकेलच्या वासाची. मी तिला हात लावला नव्हता. हिराताईनं पात्यावरून तर्जनी फिरवली, आणि बोट काळं झालं.

मी बोलायला तोंड उघडलं, "ताई, हे कसं काय..." पण तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ती त्या काळ्या बोटाकडे बघत होती. मग तिनं ते बोट उचललं आणि स्वतःच्या गालावर टेकवलं. आई तान्ह्या बाळाला लावते ना, तशी तीट.

संध्याकाळी निघताना सुनंदा म्हणाली, "ताई, तोंड धुऊन घ्या, गालाला काळं लागलंय." हिराताई हसली. त्या तीन शुक्रवारांत पहिल्यांदाच. "लागू दे गो," म्हणाली. झबलं, लुगडं, तोडे, चपला सगळं तिनं एका कापडात बांधलं, किल्ली दोऱ्यासकट गळ्यात घातली, आणि पन्नाशी उलटलेली ती बाई गालाला तीट लावून रिक्षात बसून अंजूरला गेली.

शब्द दिल्याप्रमाणे पेटी माझ्याकडेच राहिली. आजही आहे, आणि कानशीनं केलेली माझी किल्ली तिला बिनचूक लागते. त्यानंतर मी कितीतरी वेळा चिमणी पेटवून, काजळी धरून, कोरी किल्ली तिच्याजवळ ठेवून मुद्दाम चहाला गेलो आहे. एकदाही, एक रेघसुद्धा उमटली नाही. कुणाला याचा उलगडा होत असेल तर कृपा करून लिहा. मला आजतागायत झालेला नाही.