आधी दूध काढणारीनं बघायचं

"मझार येऊ का वं माय?"

गायीच्या पाठीवर एक हात ठेवून डॉक्टर मॅडम असं, म्हणजे आत येऊ का असं, विचारायच्या आणि खरोखर थांबायच्या. गाय कान हलवायची, पाय बदलायची, शेपूट जरा बाजूला घ्यायची, तेव्हा कुठे त्यांचा खांद्यापर्यंत हातमोजा चढवलेला दुसरा हात आत जायचा. तुम्ही गोठ्यात वावरला असाल तर जनावरांचे डॉक्टर पाहिलेच असतील. शेपूट धरली, हात घातला, काम झालं. गायीकडे परवानगी मागणारी डॉक्टर मी तरी दुसरी पाहिली नाही.

त्या मूळच्या धुळ्याकडच्या. माणसांशी पुस्तकी मराठी बोलायच्या आणि गायींशी अहिराणी, 'आहे'च्या जागी 'शे' म्हणणारी. आमच्या जळगावजवळच्या असोद्याची बोली निराळी, त्यामुळे माझ्या सासऱ्यांना, म्हणजे आबांना, याची भारी मौज वाटायची.

"आमच्या गाईले तुमचं 'शे शे' काय समजनार, मॅडम?"

"तिला समजतं. तुम्हालाच समजत नाही," असं म्हणून त्या कामाला लागायच्या.

केळीच्या बागांमधल्या रस्त्यानं त्यांची स्कूटी यायची. गळ्यात जेवणाच्या डब्याएवढी सोनोग्राफीची पेटी, तिला छोटा पडदा, आणि पडद्यातून निघालेल्या वायरीच्या टोकाला प्रोब. तो हातात धरून हात गायीच्या आत गेला की आतलं सगळं पडद्यावर उमटायचं. आबा त्याला टीव्ही म्हणत. पूर्वी गाय गाभण आहे की नाही हे नुसत्या हाताला कळायला दोन-तीन महिने जायचे. या टीव्हीत महिन्याभरातच कळायचं.

त्यांचा एक नियम होता. गोठ्यात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न, "दूध कोण काढतं?" घरातला कर्ता पुरुष पुढे सरसावायचा, गाय माझी आहे म्हणायचा. "गाय तुमचीच. पण आधी दूध काढणारीनं बघायचं." मग घरातली बाई पदराला हात पुसत यायची, पडदा तिच्यासमोर धरला जायचा आणि मालक मागे टाचा उंचावून उभा राहायचा. आमच्या गल्लीतल्या एका काकांनी "दूध मीच काढतो" असं रेटून सांगितलं. मॅडमनी त्यांच्या हातात चरवी दिली नि म्हणाल्या, "बसा." गायीनं पहिल्याच हाताला लाथ झाडली. काका आठवडाभर लंगडत होते आणि विचारलं की केळीच्या सालीवरून घसरलो म्हणत होते.

आमची मैना ही संकरित गाय. दुधाला चांगली, पण सारखी उलटायची. रेतन करावं, तीन आठवडे आशेवर राहावं आणि ती पुन्हा माजावर यावी. आबांनी तिला बाजार दाखवायचं ठरवलंच होतं. मॅडमनी आत पाहिलं, मला पडद्याजवळ बोलावलं आणि एक काळा गोल दाखवला. "बीजांडावर ही पाण्याची गाठ आहे. हिला बाजार नको, औषध पाहिजे."

औषध झालं, पुन्हा रेतन झालं, आणि महिन्याभरानं मॅडम परत आल्या. मी मैनेच्या बाजूला उभी. पडद्यावर काळं पाणी, पाण्यात एक पांढुरका दाणा, आणि त्या दाण्यात काहीतरी लुकलुकत होतं. थांबत नव्हतं.

"काय आहे ते?" मी विचारलं.

"ठोका," मॅडम म्हणाल्या, आणि सगळं बरं आहे हे पाठीवर वाकून गायीलाही सांगितलं, "ठोका शे, माय. बठ्ठं बरं शे."

मला रडू फुटलं. आनंदाचं होतंच, पण खरं कारण वेगळं होतं. तेव्हा मलाही दिवस गेले होते. पदरात पहिली मुलगी होती. हे जळगावला कामाला जात आणि घरात शब्द आबांचा चाले. काही दिवसांपासून ओसरीवर कुजबुज होती, "एकदा जाऊन येऊ." कुठे जायचं, कशासाठी, हे माझ्यासमोर कुणी बोलत नव्हतं. न कळण्याएवढी मी खुळी नव्हते. रात्री पोटावर हात ठेवून मी पडून राहायचे आणि यांच्याशी बोलायला गेलं की हे कूस बदलायचे.

त्या दिवशी आबा खुशीत होते. मला चहा आणायला सांगितला, आणि मी कप घेऊन आले तेव्हा ते मॅडमना म्हणत होते, "कालवड हाय का तेवढं सांगा न."

"ते मी कुणाला सांगत नाही, आबा. ठोका आहे. बाकी त्याचं तो बघेल."

"बरं, राहू द्या." आबा जरा घुटमळले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "एक गोठ बोलाची होती. मशीन त आणेलच हाय. सूनबाईचं बी पाहून घ्या न. बाहेर जायाची कटकट नको."

मी कप घेऊन दोन पावलं मागे सरले.

मॅडमनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग शेणानं माखलेला प्रोब आबांच्या नाकासमोर धरून शांतपणे विचारलं, "आबा, हा आत्ता गायीच्या कुठून आत गेला होता, ते पाहिलंत ना?"

आबांचा चेहरा मिरचीसारखा लाल झाला. टोपी काढली, पुन्हा घातली. मला इतकी भीती वाटत असताना हसू आलं. ते मी चहात पाहून लपवलं.

मॅडम मात्र हसल्या नाहीत. हातमोजा उलटा करून काढला, हात धुतले आणि आबांशेजारी बाजेवर बसल्या. "पोटावरून बघायचं मशीन असतं, तरी बघितलं नसतं. या गोठ्यात दूध कोण काढतं?"

"सूनबाई."

"मग माझा नियम तुम्हाला ठाऊक आहे. जी दूध पाजणार तिनं आधी बघायचं. दिवस भरल्यावर, मांडीवर घेऊन. तिच्याआधी कुणीही नाही, कुठल्या गावाला जाऊनही नाही. मैनेला तपासायला मी येतच राहणार. येईन तेव्हा हिच्याकडेही बघेन, आबा. काही कमीजास्त झालेलं दिसलं, तर गप्प बसणारी मी नाही."

चहा पिऊन त्या गेल्या. आबा उठून मैनेला चारा घालायला गेले. जाऊन येण्याची गोष्ट आमच्या घरात पुन्हा निघाली नाही.

मॅडम म्हणाल्या तशा येत राहिल्या. मैनेकडे जायच्या आधी स्वयंपाकघरात डोकावायच्या. "जेवलीस का?" एवढंच विचारायच्या. मी मान हलवेपर्यंत दारातून हलायच्या नाहीत. आईनंतर माझ्यासाठी असं कुणी थांबलं नव्हतं.

मग मैनेला गोऱ्हा झाला आणि मला मुलगी. आबांना दोन्हीकडे उलटं मिळालं. मॅडम आल्या त्या हसतच. "आबा, तुमचं तर बठ्ठंच चुकलं!" आबा फुगून बसले, पण त्यांनीच आतल्या पाळण्याकडे बोट दाखवलं. मॅडमनी बाळाच्या पावलावर एक बोट ठेवलं. "उचलू का वं माय?" आणि थांबल्या. बाळानं पाय झाडला, तेव्हा उचललं. आबा बघत होते. दुसऱ्या दिवसापासून तेही पाळण्याशी वाकून काहीतरी विचारताना दिसायला लागले. काय ते मी ऐकलं नाही.

इतकी वर्षं गायींच्या पोटात हात घालून मॅडमचा खांदा गेला. कप उचलतानाही चेहरा आक्रसायचा. शेवटच्या खेपेला त्यांनी मैनेला नुसतं थोपटलं, पेटी उघडलीच नाही, आणि धुळ्याला निघून गेल्या. मला त्यांची फार आठवण येते. स्कूटी वाजली की अजून पदराला हात पुसले जातात.

आता एक तरुण डॉक्टर येतात. कामाला चोख. त्यांच्या मशीनला पडदा नाही, डोळ्यांवर काळा चष्मा लावतात आणि त्यात त्यांना एकट्यालाच दिसतं. परवा मैनेला तपासायला आले. शेपूट धरली, हात घातला, आणि ते तोंड उघडणार एवढ्यात आबा बाजेवरून उठले. कडेवर धाकटी नात होती.

"डॉक्टर, थांबा. बोलू नका. तो चष्मा काढा. आधी सूनबाईले दाखवा."

डॉक्टरांना काही कळेना, पण आबांचा आवाज ऐकून त्यांनी चष्मा काढून दिला. मी तो डोळ्यांवर धरला. गोठा, आबा, नात, सगळं नाहीसं झालं. समोर काळं पाणी, पाण्यात दाणा.

कालवड की गोऱ्हा, ते आबांनी विचारलं नाही. इतकी वर्षं मॅडमच्या ज्या शब्दाची टिंगल केली, तोच त्यांच्या तोंडून अंधारात माझ्या कानावर आला.

"ठोका शे का?"